पहाटेपर्यंत थांबलेला सेनापती

एक डॉलरच्या नोटेवरचा तो पांढऱ्या केसांचा माणूस आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. चेरीचं झाड तोडल्याचं वडिलांना खरं खरं सांगणारा छोटा जॉर्ज तर आपल्याला भारतातल्या शाळेतच भेटलेला असतो. ती गोष्ट पार्सन वीम्स नावाच्या चरित्रकाराने त्यांच्या मृत्यूनंतर पुस्तकात घातली आणि ती घडली असल्याचा काही पुरावा नाही. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या शेवटच्या रात्रीची गोष्ट मात्र खरी आहे. त्यांचे सचिव टोबायस लिअर यांनी ती त्याच वेळी लिहून ठेवली. इथल्या थंडीत राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ती चेरीच्या झाडापेक्षा जास्त उपयोगाची आहे, म्हणून हिवाळा तोंडावर असताना लिहायला घेतली.

मी उत्तर व्हर्जिनियात राहते. वॉशिंग्टन यांचं माउंट व्हर्नन इथून गाडीने फार लांब नाही. भारतातून कुणी आलं की त्यांना तिथे नेणं हे आमचं ठरलेलं काम. पाहुण्यांना पोटोमॅक नदीकाठचा व्हरांडा आवडतो, पण माझं लक्ष वरच्या मजल्यावरच्या झोपायच्या खोलीकडे असतं. त्या खोलीत १४ डिसेंबर १७९९ च्या रात्री वॉशिंग्टन गेले. तेव्हा ते ६७ वर्षांचे होते. आदल्या दिवशी ते चालते-फिरते होते.

त्या रात्री काय झालं ते कळायला आधीचं आयुष्य थोडं माहीत हवं. २२ फेब्रुवारी १७३२ ला जन्म. अकरा वर्षांचा असताना वडील गेले. मोठा सावत्र भाऊ लॉरेन्स हाच मग आधार. लॉरेन्सला क्षय झाला, तेव्हा हवापालटासाठी दोघे भाऊ १७५१ मध्ये बार्बाडोस बेटावर गेले. तिथे जॉर्जला देवी आल्या. जवळजवळ महिनाभर अंथरुणात काढून तो उठला, चेहऱ्यावर थोडे व्रण राहिले. लॉरेन्स पुढच्याच वर्षी वारला.

त्यानंतरची हकीकत थंडीची आहे. १७५३ साली व्हर्जिनियाच्या गव्हर्नरने २१ वर्षांच्या या पोराला फ्रेंचांच्या किल्ल्यावर निरोप घेऊन धाडलं. परतताना भर डिसेंबर. बरोबर ख्रिस्तोफर गिस्ट नावाचा वाटाड्या. वाटेत अ‍ॅलेगेनी नदी आडवी आली. ती गोठली असेल आणि चालत जाता येईल असं त्यांना वाटलं होतं, पण मधोमध पाणी वाहत होतं आणि त्यात बर्फाचे मोठे तुकडे धावत होते. एका छोट्या कुऱ्हाडीने दिवसभर खपून दोघांनी तराफा बांधला. नदीत जॉर्जची काठी बर्फात अडकली आणि तो थेट दहा फूट खोल पाण्यात फेकला गेला. तराफा धरून कसाबसा वर आला. रात्र दोघांनी नदीतल्या एका बेटावर काढली, ओल्या कपड्यांत. गिस्टच्या हातांची सगळी बोटं आणि पायाची काही बोटं हिमदंशाने गेल्यासारखी झाली. सकाळी पाहतात तर उरलेलं पात्र गोठलेलं. दोघे चालत पैलतीराला गेले. आजच्या पिट्सबर्ग शहरातला चाळिसाव्या रस्त्याचा पूल वॉशिंग्टन क्रॉसिंग ब्रिज म्हणून ओळखला जातो, तो या घटनेमुळेच.

विशीत असं वाचलेल्या माणसाला थंडीची काय भीती वाटणार? दोन वर्षांनी, १७५५ मध्ये, मोनोंगाहेलाच्या लढाईत ते आजारातून पुरते उठलेलेही नव्हते. अंगाखालचे दोन घोडे मारले गेले, कोटाला चार गोळ्यांची भोकं पडली, आणि यांना ओरखडाही नाही. १७७६ च्या नाताळच्या रात्री सुमारे २,४०० सैनिक घेऊन त्यांनी बर्फाने भरलेली डेलावेअर नदी ओलांडली आणि सकाळी ट्रेंटन जिंकलं. त्या कूचमध्ये दोन सैनिक वाटेत थंडीने गारठून मेले. पुढच्या वर्षीचा व्हॅली फोर्जचा तळ तर आपल्याला मुलांच्या इतिहासाच्या पुस्तकातून ठाऊक असतो. तिथे एकही लढाई झाली नाही, तरी सुमारे २,००० माणसं रोगराईने गेली.

इथे वॉशिंग्टन यांची एक गोष्ट मला फार मोठी वाटते. १७७७ च्या सुरुवातीला त्यांनी सगळ्या सैन्याला देवी टोचून घ्यायला लावल्या. आजच्या लशीसारखी ती सुरक्षित नव्हती. रोग्याच्या फोडातला अंश निरोगी माणसाच्या कातडीत घालायचा, त्याला सौम्य आजार येऊ द्यायचा आणि पुढचा मोठा आजार टाळायचा अशी ती रीत. त्यात धोका होता, सैनिक काही आठवडे निकामी होणार होते, शत्रूला कळलं असतं तर हल्ला झाला असता. तरी त्यांनी थांबायचं नाही असं ठरवलं. दुसऱ्यांच्या जिवाचा प्रश्न असला की या माणसाला वेळेची किंमत बरोब्बर कळायची.

स्वतःच्या बाबतीत मात्र उलटं. १७८९ मध्ये राष्ट्राध्यक्ष होऊन दोन महिने होतात न होतात तोच मांडीवर मोठं गळू झालं; ते भूल न देता कापावं लागलं आणि कित्येक आठवडे त्यांना एका कुशीवर पडून राहावं लागलं. पुढच्या वर्षी न्यूमोनियाने पार मरणाच्या दारात नेलं. दोन्हीतून ते उठले. १७९७ मध्ये तिसऱ्यांदा उभं न राहता सत्ता सोडून घरी आले आणि पुन्हा रोज घोड्यावरून शेतं बघत फिरू लागले.

आता ते तीन दिवस. १२ डिसेंबर १७९९, गुरुवार. सकाळी दहाच्या सुमाराला बाहेर पडले. आधी बर्फ, मग गारा, मग गार पाऊस. दुपारी तीनला परत आले तेव्हा मान ओली होती आणि केसांना बर्फ लटकत होता. लिअरनी कपड्यांचं विचारलं, तर ओव्हरकोटामुळे आत काही भिजलं नाही असं सांगितलं आणि कपडे न बदलताच जेवायला बसले. शुक्रवारी घसा दुखत होता, बाहेर तीन इंच बर्फ होतं. तरी दुपारी कोणती झाडं तोडायची त्यावर खुणा करायला नदीच्या बाजूला गेले. संध्याकाळी आवाज बसला. त्या बसलेल्या आवाजात त्यांनी वर्तमानपत्र मोठ्याने वाचलं. लिअरनी काहीतरी औषध घ्या म्हटलं, पण सर्दीवर आपण कधी काही घेत नाही, आली तशी जाईल, असं म्हणून ते झोपायला गेले.

मध्यरात्रीनंतर दोन-तीनच्या दरम्यान त्यांनी पत्नी मार्था यांना उठवलं. अंगात हुडहुडी होती. बोलता येत नव्हतं म्हटलं तरी चालेल, आणि श्वास घ्यायला त्रास होत होता. मार्थाबाई उठून नोकराला बोलवायला निघाल्या. त्यांनी जाऊ दिलं नाही. खोली गार होती आणि मार्थाबाई नुकत्याच आजारातून उठल्या होत्या. त्यांना थंडी बाधेल ही त्यांची काळजी. मग दोघं उजाडायची वाट बघत पडून राहिले. पहाटे कॅरोलाइन नावाची गुलाम स्त्री शेकोटी पेटवायला आली, तेव्हा मार्थाबाईंनी तिला लिअरकडे धाडलं. पहिली हाक अशी पोचली, तीन-चार तास उशिरा.

पुढचा दिवस वाचताना अंगावर काटा येतो. काकवी, व्हिनेगर आणि लोणी यांचं मिश्रण पाजायचा प्रयत्न झाला, घोटभरही गिळता येईना, जीव गुदमरला. मुकादमाने रक्त काढलं. नऊच्या आसपास जुने मित्र डॉ. क्रेक आले, दुपारी डॉ. डिक आणि डॉ. ब्राऊन. दिवसभरात चारदा रक्त काढलं गेलं. सगळं मिळून दोन लिटरच्या वर, म्हणजे शरीरातल्या रक्ताचा जवळजवळ चाळीस टक्के भाग असावा असा आजचा अंदाज आहे. तिघांत सर्वांत तरुण डॉ. डिक यांचा शेवटच्या वेळी रक्त काढायला विरोध होता, आणि घशाला खालून छेद देऊन श्वासाची वाट मोकळी करावी असं त्यांनी सुचवलं. दोघा ज्येष्ठांनी ते मानलं नाही. रात्री दहा ते अकराच्या दरम्यान वॉशिंग्टन गेले. काही दिवसांनी डॉ. ब्राऊन यांनी डॉ. क्रेकना पत्र लिहून डिकचं ऐकायला हवं होतं अशी खंत कळवली.

आज बहुतेक डॉक्टरांचं मत असं की श्वासनलिकेच्या तोंडावर जे छोटं झाकण असतं त्याला जंतुसंसर्ग होऊन ते सुजलं होतं. थंडीत भिजल्यामुळेच झालं असं काही म्हणता येत नाही. त्या काळात प्रतिजैविकं नव्हती, तेव्हा डॉक्टर रात्री तीनला आले असते तरी ते वाचले असते याची खात्री नाही. मार्थाबाईंना दोष द्यायचं काही कारणच नाही. पण ते तीन-चार तास आज आपल्या हातात आहेत.

त्या रात्री निर्णय कुणी घेतला बघा. ज्याचा श्वास कोंडला होता त्यानेच. आजारी माणूस सोशिक असतो, भिडस्त असतो, दुसऱ्याच्या झोपेची काळजी करतो. भारतातून आलेले आपले आई-बाबा, सासू-सासरे अगदी असेच. रात्री कुणाला कशाला उठवायचं, मुलाला सकाळी ऑफिस आहे, इथे डॉक्टर म्हणजे केवढा खर्च, थोडी हळद-दूध घेतो आणि पडतो, हे आपण प्रत्येक घरात ऐकलेलं आहे. थंडीने गारठलेल्या माणसाचं तर डोकंच नीट चालत नाही. आपल्याला काही झालंय हेच त्याला कळत नाही. म्हणून मला वाटतं, हाक मारायची की नाही हे शेजारी असलेल्या धडधाकट माणसाने ठरवावं. आजाऱ्याची परवानगी मागत बसू नये.

मी डॉक्टर नाही. इथले आरोग्य विभाग दर हिवाळ्यात जे सांगतात ते आपल्या भाषेत मांडते.

घशाचं आधी. नुसता दुखणारा घसा सकाळपर्यंत थांबू शकतो. पण श्वास घेताना आवाज येतोय, लाळसुद्धा गिळता येत नाही म्हणून ती गळतेय, आवाज घोगरा किंवा दबका झालाय, माणसाला आडवं होता येत नाही आणि तो पुढे वाकून बसतोय, ओठ निळसर दिसताहेत, तर ९११. तोवर त्याला बसूनच राहू द्यावं. घशात चमचा घालून बघू नये, काढा पाजू नये. काकवी आणि लोण्याने काय झालं ते वर वाचलंच आहे.

थंडीचं. शरीराचं तापमान ९५ फॅरनहाइट, म्हणजे ३५ सेल्सिअसच्या खाली गेलं की तो तातडीचा प्रसंग. थर्मामीटर हाताशी नसेल तर माणूस बघा. आधी जोरात कुडकुडतो. मग बोलणं जड होतं, हातातून वस्तू पडतात, तोल जातो, काहीतरी असंबद्ध बोलतो, झोप येते म्हणतो. कुडकुडणं थांबलं आणि माणूस सुस्त झाला तर बरं वाटतंय असं समजू नका, ते वाईट लक्षण आहे. ९११ लावा, आत न्या, ओले कपडे काढा, आधी छाती, मान आणि पोट ऊबदार करा, हलक्या हाताने हलवा. पूर्ण शुद्धीत असेल तरच गरम पेय. ब्रँडी वगैरे अजिबात नको. घरातसुद्धा हे होऊ शकतं. हीटिंग कमी ठेवून पातळ साडीत बसलेल्या वयस्कर बाईंना बर्फात जावंच लागतं असं नाही.

हिमदंशाचं. बोटं, कान, नाक बधिर झाले, त्वचा मेणासारखी, कडक लागली की समजा. आपल्या सावळ्या रंगावर पांढरेपणा चटकन दिसत नाही, राखाडी किंवा निस्तेज दिसतं, म्हणून बधिरपणावर भरवसा ठेवा. चोळू नका, बर्फाने तर मुळीच नाही. हीटर, शेगडी, गरम पाण्याची पिशवी नको. बधिर जागेला भाजलेलं कळत नाही. कोमट पाणी चालतं, पण पुन्हा गोठायची शक्यता असेल तर तेही नको. बधिरपणा गेला नाही, फोड आले, रंग काळसर झाला तर लगेच इमर्जन्सीत.

आणि पडण्याचं. ड्राइव्हवेवर घसरून डोकं आपटलं, आणि नंतर पुन्हा पुन्हा उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, बडबड, एका बाजूला अशक्तपणा, एक बाहुली मोठी, जागं करूनही जाग न येणं यातलं काहीही दिसलं तर ९११. रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणाऱ्या आजी-आजोबांचं डोकं आपटलं असेल तर ते छान बोलताहेत म्हणून थांबू नये, तेव्हाच दाखवून घ्यावं. बर्फ उपसताना छातीत दुखलं, दम लागून घाम फुटला तर फावडं तिथेच टाकून ९११.

खर्चाचा प्रश्न खरा आहे, तो मी हसण्यावारी नेत नाही. पण १९८६ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे, सरकारच्या मेडिकेअर योजनेत असलेल्या रुग्णालयांच्या, म्हणजे जवळपास सगळ्याच रुग्णालयांच्या, इमर्जन्सी विभागाला विमा असो वा नसो, आलेल्या माणसाला तपासून त्याची प्रकृती स्थिर करावीच लागते. बिल नंतर येतं आणि त्यावर नंतर बोलता येतं. पालक येणार असतील तर व्हिजिटर विम्यात इमर्जन्सीचं काय आहे ते विमानात बसायच्या आधी वाचून ठेवा.

अजून एक. मुलं ऑफिसला गेल्यावर घरात एकटे राहणारे आई-बाबा फोन करतील कसा? चालू सिमकार्ड नसलेल्या मोबाइलवरूनही इथे ९११ लागतो, फक्त फोन मध्येच तुटला तर तिकडून परत येत नाही. म्हणून आधी पत्ता सांगायचा. आमच्या फ्रिजवर मोठ्या मराठी अक्षरांत घराचा पत्ता लिहिला आहे, इंग्रजी उच्चारासकट. बऱ्याच ठिकाणी ९११ वर दुभाषा जोडून देतात, म्हणून भाषेचं नाव तेवढं बोलता यायला हवं. पाहुणे आले की पहिल्या दिवशी चहाबरोबर मी त्यांच्याकडून हे एकदा म्हणवून घेते. आधी हसतात, मग पाठ करतात.

वॉशिंग्टन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांचे मित्र विल्यम थॉर्नटन माउंट व्हर्ननला पोचले. वैद्यकी शिकलेले आणि अमेरिकेच्या कॅपिटॉल इमारतीचा पहिला आराखडा काढणारे गृहस्थ. थंडीत गारठलेलं शरीर हळूहळू ऊब देऊन, घशातून हवा भरून, कोकराचं रक्त देऊन परत आणता येईल अशी त्यांची कल्पना होती. घरच्यांनी नको म्हटलं. त्या खटपटीने काही झालं नसतं, पण त्या सगळ्या घोळक्यात श्वास आणि ऊब या दोनच गोष्टींचा विचार करणारा हा माणूस होता, फक्त एक दिवस उशिरा आला.

तेव्हा या हिवाळ्यात घरातलं कुणी मध्यरात्री उठवून म्हणालं की श्वास लागत नाहीये, आणि वर सकाळी बघू असंही म्हणालं, तर पहिलं वाक्य ऐका आणि फोन उचला.